कोपऱ्यातली गाठ

आमच्या घरात न्हाणीच्या दाराबाहेर एक नायलॉनची दोरी आहे. तिच्यावर तीन पंचे वाळत असतात. एक बाबांचा, एक आज्जीचा, आणि मी परत आल्यापासून एक माझा. तिन्ही एकाच दुकानातून, एकाच दिवशी आणलेले. आज्जीला आता जवळजवळ काहीच दिसत नाही. काचबिंदूने आधी दोन्ही बाजू गेल्या, मग हळूहळू मधलंही गेलं. तरी आंघोळ करून ती बाहेर येते, दोरी चाचपते, पहिल्या पंच्याचा कोपरा चिमटीत धरून सोडते, दुसऱ्याचा धरते आणि तोच ओढून घेते. तिचाच असतो. तिने आपल्या पंच्याच्या कोपऱ्याला दोऱ्याची एक गाठ मारून ठेवली आहे, ज्वारीच्या दाण्याएवढी.

ही गाठ मी सोलापूर सोडायच्या आधीही पाहिली होती. पाहिली म्हणजे डोळ्यांसमोरून गेली होती. ती मला कळली जपानमधल्या एका लहानशा न्हाणीघरात, डोळ्यांत साबण गेलेला असताना.

मी टॉवेलचं डिझाइन करते. सोलापूरच्या मुलीने टॉवेल नाहीतर चादर यांतलं काहीतरी करावं, यात नवल काहीच नाही. आमच्या गावच्या या दोन्ही वस्तूंना भौगोलिक मानांकन आहे. पूर्व भागातल्या गल्ल्यांतून चालत निघालं तर यंत्रमागांचा खटखटाट पत्र्याच्या शेडमधून, माडीवरून, एखाद्या घराच्या मागच्या खोलीतून, असा चारी बाजूंनी अंगावर येतो. बाबांची तीस वर्षं त्या आवाजात गेली. मी शिकले, मुंबईत दोन नोकऱ्या केल्या, आणि मग इमाबारीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या डिझाइन विभागात मला काम मिळालं. तीन वर्षं तिथे राहिले.

इमाबारी म्हणजे जपानचं सोलापूर, असं मी घरी फोनवर सांगायचे. शिकोकू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं गाव, समोर सेतोचा शांत समुद्र. १८९४ सालापासून तिथे टॉवेल विणतात. तिथल्या टॉवेलची एक परीक्षा असते. टॉवेलचा एक सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा कापून पाण्यावर अलगद सोडायचा. पाच सेकंदांच्या आत तो बुडू लागला, तरच टॉवेलला गावाच्या नावाचं लेबल लागतं. पहिल्यांदा ही परीक्षा पाहिली तेव्हा मी काचेच्या भांड्यावर वाकून श्वास रोखून उभी होते. तो पांढरा तुकडा क्षणभर तरंगला, ओला होत होत राखाडी झाला आणि खाली गेला.

पहिले सहा महिने मी चुकीच्या जागी शोधत होते. सुट्टीच्या दिवशी देवळं, बागा, किल्ला, संग्रहालय. वही भरत गेली. चेरीची फुलं, लाटांचे अर्धगोल, कोई मासे. ती वही मी मोठ्या आशेने विभागप्रमुखांपुढे ठेवली. त्यांनी एकेक पान सावकाश उलटलं, दोन्ही हातांनी वही परत दिली आणि म्हणाले, "छान आहे. हे सगळं आमच्याकडे आहे." त्यात दुखवण्यासारखं काही नव्हतं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. खरंच, लाटांचं नक्षीकाम त्यांनी शेकडो वर्षं केलेलं. सोलापुरात येऊन कुणी मला चादरीवरचा मोर काढून दाखवावा, तसंच ते.

त्याच दिवसांत माझ्या चहाचं दूध सारखं नासत होतं.

झालं असं की तिथे मी निरक्षर होते. जपानी लिहायला तीन लिप्या लागतात. त्यांतल्या दोन मी कशाबशा शिकले होते, तिसरी डोंगरासारखी समोर उभी. दुकानात गेलं की मी चित्रं, रंग, आकार यांच्यावर भिस्त ठेवायचे. गायीचं चित्र असलेला पांढरा खोका उचलायचा, घरी येऊन चहात ओतायचा, की कधी गोड लागायचं, कधी आंबट होऊन फाटायचं. एकोणतीस वर्षांची बाई, पदवी घेतलेली, आणि दूध आणता येत नाही! शेजारी एक म्हाताऱ्या बाई राहायच्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला जपानी येत नव्हतं. एकदा माझ्या हातातला खोका पाहून त्यांनी मान हलवली, आत जाऊन आपल्या घरातला खोका आणला, माझं बोट धरलं आणि खोक्याच्या वरच्या शिवणीवर नेऊन टेकवलं. तिथे एक अर्धगोल खाच होती. करंगळीचं टोक जेमतेम बसेल एवढी. मग माझ्या खोक्याच्या शिवणीवरून तेच बोट फिरवलं. सपाट.

खाच असेल ते निव्वळ दूध. दुधापासून केलेल्या दुसऱ्या पेयांना ती नसते. शिवाय खोका उघडायची बाजू खाचेच्या बरोबर समोरची. डोळ्यांनी अधू असलेल्या माणसांना बोटांनी कळावं म्हणून ही सोय आहे, हे मला नंतर कारखान्यातल्या मैत्रिणीने सांगितलं. त्या बाईंनी मात्र मला एक शब्द न बोलता वाचायला शिकवलं होतं. दुकानात मी तो खोका उचलायचे तेव्हा आधी डोळे मिटायचे आणि बोट फिरवायचे. अजून ती सवय आहे.

साबणाची गोष्ट त्यानंतर महिन्याभरातली. केस धुताना फेस डोळ्यांत गेला, चुरचुरायला लागलं, आणि मी डोळे घट्ट मिटून बाटलीसाठी चाचपडत होते. हाताला एक बाटली लागली, तिच्या कडेला बारीक आडव्या खाचांची ओळ. दुसरी लागली, ती गुळगुळीत. मी तशीच थांबले. पाणी अंगावरून वाहतंय, डोळे मिटलेले, आणि दोन्ही हातांत दोन बाटल्या. सहा-सात महिने मी त्या रोज हाताळत होते. खाचा आहेत ती शाम्पूची, नाहीत ती कंडिशनरची. काओ नावाच्या कंपनीने १९९१ साली हे सुरू केलं आणि पुढे इतरांनीही तीच खूण उचलली. दृष्टी नसलेल्यांसाठी केलेली गोष्ट, पण केस धुताना डोळे सगळेच मिटतात.

आणि त्या मिटलेल्या डोळ्यांपुढे आमची दोरी आली. आज्जीची दोन बोटं आणि पंच्याचा कोपरा.

मी केसही नीट न पुसता फोन लावला. सोलापुरात दुपार होती. "आज्जी, तू तुझा पंचा कसा ओळखतेस गं?" पलीकडून जरा वेळ काहीच नाही. तिला वाटलं असावं, पोरगी परदेशात जाऊन हे काय विचारायली. मग म्हणाली, "गाठ आहे की कोपऱ्याला. का, काय झालं?"

त्यानंतर माझी वही बदलली. चेरीची फुलं बंद झाली. मी हाताने वाचायच्या गोष्टी टिपू लागले. बिअरच्या डब्याच्या झाकणावर ब्रेलमध्ये 'दारू' असं उमटवलेलं असतं, म्हणजे कुणी सरबत समजून पिऊ नये. भाताच्या त्रिकोणी गोळ्याचं प्लॅस्टिक असं कापलेलं असतं की एक, दोन, तीन अशा क्रमाने ओढलं तर समुद्रशेवाळाचा कुरकुरीत पापुद्रा शेवटच्या क्षणी भाताला भेटतो. आणि तेनुगुई! साधारण एक हात रुंद, दोन हात लांब असा सुती कापडाचा तुकडा. हात पुसा, डोक्याला बांधा, डबा गुंडाळा. त्याच्या दोन्ही टोकांना शिवण घालत नाहीत. मी विचारलं, अर्धवट का ठेवता? तर शिवणीत पाणी साचतं, ती उशिरा वाळते. उघडी कड लवकर वाळते, आणि गरज पडली तर टर्रकन फाडून जखमेला बांधता येते. सुरुवातीला चार धागे निघतात, मग आपोआप थांबतात. माझ्या मनात आलं, हा तर आपला पंचाच. आज्जीने जुन्या पंच्याच्या पट्ट्या फाडून माझ्या गुडघ्याला किती वेळा बांधल्या असतील.

ओकायामाला मी मुद्दाम गेले. इमाबारीहून थेट गाडी आहे, समुद्रावरच्या पुलावरून जाते. मला बघायचा होता एक साधा चौक. रस्त्यावर आणि रेल्वे फलाटावर त्या उठावाच्या पिवळ्या फरशा असतात ना, त्या जगात पहिल्यांदा बसल्या त्या ओकायामात, अंधशाळेजवळच्या रस्त्यावर, १९६७ साली. सेइइची मियाके नावाच्या माणसाने त्या १९६५ मध्ये शोधून काढल्या. त्या फरशीची भाषा दोनच शब्दांची आहे. लांब रेघा असतील तर चालत राहा. ठिपके असतील तर थांब, पुढे काहीतरी आहे. चौकात एक छोटं स्मारक आहे. आजूबाजूने गाड्या जात होत्या, शाळेतली मुलं सायकलवरून जात होती, आणि मी बूट काढून मोज्यांनी त्या फरशांवर उभी होते. रेघा तळव्याला स्पष्ट कळतात. ठिपके त्याहून जास्त.

लाज एकाच गोष्टीची वाटली. या फरशा मी आपल्याकडे कितीदा तुडवल्या होत्या. फलाटाच्या कडेला त्या असतात, आणि मी आजवर धरून चालले होते की पाय घसरू नये म्हणून खडबडीत केल्या असतील. आपल्याकडच्या एका शहरात तर ही पिवळी ओळ मी सरळ विजेच्या खांबावर जाऊन थांबलेली पाहिली आहे. ज्याने ती बसवली त्यालाही ती वाचता येत नव्हती, माझ्यासारखीच. राग येतोच. पण ओकायामाहून परतताना मला त्या रागापेक्षा बाबांची जास्त आठवण येत होती.

बाबा नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागाची कार्डं पंच करायचे. चादरीवरचा मोर आधी ग्राफ पेपरवर उतरतो, एकेक चौकोन रंगवत. मग त्या प्रत्येक आडव्या ओळीचं पुठ्ठ्याचं एक कार्ड. जिथे उभा धागा उचलायचा तिथे भोक, नाही तिथे कोरं. अशी शेकडो कार्डं दोरीने ओवून मागाच्या डोक्यावर चढवतात, आणि प्रत्येक आडव्या धाग्याला एक कार्ड पुढे सरकतं. फ्रान्समधल्या लिआँ शहरात जॅकार्ड नावाच्या माणसाने १८०४ मध्ये जे केलं, ते आमच्या पूर्व भागात दोनशे वर्षांनीही खटखटत होतं. मी शाळेत असताना भारनियमन जोरात होतं. संध्याकाळी लाइट गेली की सगळी गल्ली एकदम गप्प व्हायची, इतकी की कानात शिट्टी वाजल्यासारखं व्हायचं. मी बाबांचा डबा घेऊन गेलेली असायचे. बाबा अंधारातच एखादं कार्ड मांडीवर घ्यायचे, त्यावरून बोटं फिरवायचे आणि सांगायचे, "ही मोराची मान आहे बघ. इथून पिसारा चालू." मी म्हणायचे, अंधारात कसं कळतं? "भोकं मीच पाडली की."

लुई ब्रेलनेही आपली सहा ठिपक्यांची लिपी फ्रान्समध्येच केली, १८२४ च्या सुमारास, पंधराव्या वर्षी. हे दोन्ही मी शाळेत वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. बाबांची बोटं त्या दोघांच्या मधोमध आहेत हे मात्र गाडीच्या खिडकीतून सेतोचा समुद्र बघताना उमगलं.

परदेशात राहून काय मिळालं, असं इकडे पुष्कळजण विचारतात. पगार, शिस्त, स्वच्छता ही उत्तरं लोकांना पटतात. मला खरोखर मिळालं ते निरक्षरपण. आपल्या गावात सगळं वाचता येतं, म्हणून आपण काही बघत नाही. पाटी वाचली, चाललो पुढे. तिथे पाटी वाचता येत नव्हती, तेव्हा हात, पाय, नाक सगळ्यांना कामाला लावावं लागलं. आज्जी कधी शाळेत गेली नाही, आणि आता दिसतही नाही. मी तीन वर्षं जशी राहिले, तशी ती कितीतरी वर्षं राहते आहे. तिच्याकडून शिकायचं मला इतक्या दुरून सुचलं, याची हुरहुर आहे.

तिथल्या एका बाईची गोष्ट मी अजून कितीजणांना सांगते. इमाबारी ज्या एहिमे प्रांतात आहे, तिथे निळ्या सुती कापडावर पांढरी, कडा धूसर असलेली नक्षी विणतात. धागा विणायच्या आधीच जागोजागी बांधून रंगवतात, जिथे बांधलं तिथे रंग पोचत नाही. आमच्या गावातली विणकर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तेलंगणातून आलेली आहेत. त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही, कारण पोचमपल्लीचं कापड असंच होतं. तर एहिमेत ही विणकाम-पद्धत सुरू करण्याचं श्रेय कागिया काना या शेतकरी घरातल्या बाईला देतात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. गवताचं जुनं छप्पर उतरवून नवं शाकारायचं काम चाललं होतं, म्हणे. उतरवलेल्या बांबूंवर जिथे दोरी बांधलेली होती तिथला भाग काळवंडायचा राहिला होता, आणि बाकीचा धुराने काळा. त्या डागांकडे बघून तिला वाटलं, धाग्यावर हे का होऊ नये? छपराचा जुना बांबू तर जळणात जाणार होता. तिथे माणसं काम करत होती, कचरा उडत होता, आणि ती बाई त्या डागांपाशी थांबली. ती कशी उभी राहिली असेल, हे मला पुष्कळदा डोळ्यांपुढे येतं.

परत येताना आज्जीसाठी मी इमाबारीचा सगळ्यात मऊ टॉवेल आणला. माझ्या तिथल्या शेवटच्या कामांतला. जाड, ढगासारखा. तिने तो मांडीवर घेतला, दोन्ही तळव्यांनी दाबून पाहिला, गालाला लावला. "मांजर आहे की काय," म्हणाली, आणि मला धन्य वाटलं. मग तिने त्याचं टोक दोन्ही मुठींत धरून पिळल्यासारखं केलं. जरा वेळ तसाच धरला.

"हे ओलं झाल्यावर कोण पिळायचं पोरी? आणि धुवायला दोन बादल्या पाणी लागेल."

इमाबारीचं पाणी मऊ आहे, डोंगरातून येतं आणि भरपूर आहे. त्या पाण्यामुळेच तिथे टॉवेलचा धंदा वाढला, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. आमच्या घरी नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी पहाटे उठून पिंप, घागरी, कळशा, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवायची. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि पंचा अर्ध्या तासात कडकडीत वाळतो. या घरात तो ढग काय कामाचा? पाच सेकंदांत पाणी पिणारा टॉवेल मी केला होता. ते पाणी नंतर बाहेर कुणाच्या मनगटांनी काढायचं, हे माझ्या कुठल्याच कागदावर नव्हतं. आज्जीने मला त्या एका पिळण्यात जे सांगितलं, ते मी आजवर ऐकलेलं सगळ्यात अचूक परीक्षण आहे.

मग मी इमाबारीत जसं वागले तसं सोलापुरात वागायचं ठरवलं. वाचायचं नाही, बघायचं. सोपं नाही हे. नवी पेठ काय, बाळीवेस काय, तिथे प्रत्येक पाटी मला पाठ आहे. पण हळूहळू जमायला लागलं. आज्जीचा बटवा आधी पाहिला. दहाची नोट एकदा दुमडलेली, पन्नासची दोनदा, शंभराची लांबट सुरळी. पाचशेची ती कुणाला हात लावू देत नाही. ती सपाट, अगदी तळाशी. नव्या नोटांवर कडेला उठावाच्या रेघा असतात, शंभरावर चार, पाचशेवर पाच. तिचं बोट मी त्यांच्यावरून फिरवलं. "कोऱ्या नोटेला ठीक आहे," ती म्हणाली. बाजारात फिरून आलेली नोट मऊ पडते आणि रेघा कळत नाहीत. घडी मात्र कळते.

संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आली. सातही नंदीध्वज, त्या उंच मानाच्या काठ्या, निघाले. बाराबंदी घातलेल्या माणसांनी रस्ता पांढराशुभ्र झाला होता. लहानपणापासून दरवर्षी पाहिलेलं. या वेळी मी कडेला उभी राहून एका काकांना मुलाला बाराबंदी घालताना बघत राहिले. बटण नाही, चेन नाही, नुसते बंद. त्यांची नजर पुढे येणाऱ्या नंदीध्वजावर होती आणि हात मुलाच्या छातीवर एकामागून एक बंद बांधत होते. एकदाही खाली पाहिलं नाही. मुलगा उंच होईल, जाड होईल, तरी तेच कापड त्याला पुरेल, कारण बंद सैल सोडता येतो. मी वहीत फक्त त्यांचे अंगठे काढले.

वही भरली तेव्हा काम सुरू केलं. पातळ टॉवेल करायचा. पंच्यासारखा पिळता येणारा आणि लवकर वाळणारा, पण अंग पुसताना पंच्याहून जास्त पाणी टिपणारा. आणि घरातल्या प्रत्येकाचा हाताने ओळखू यावा असा. मी ओकायामाच्या फरशा जशाच्या तशा कोपऱ्यात आणल्या. एका टॉवेलवर ठिपके, एकावर रेघा, एक कोरा. संगणकावर इतकं देखणं दिसत होतं! अक्कलकोट रोडवरच्या एका कारखानदार काकांनी नमुना काढून द्यायचं मान्य केलं. मागावरून उतरला तेव्हा ठिपके बोटाला चांगले लागत होते. मी तिथल्या तिथे तीन फोटो काढले.

एक धुणं झालं आणि ठिपके गेले. कुठे गेले नव्हते, पाईलखाली, म्हणजे टॉवेलच्या मऊ वेटोळ्यांखाली, बुडाले होते. सुताचा टॉवेल पहिल्या पाण्यात आकसतो, फुगतो, आणि आजूबाजूची वेटोळी त्या बारीक मोकळ्या जागेवर आडवी होतात. फरशी सिमेंटची असते, तिला हे माहीत नसतं. दुसऱ्यांदा ठिपके मोठे केले, तर काका म्हणाले, "ताई, एवढ्या कोपऱ्यासाठी जॅकार्ड लागतंय. माझ्या साध्या डॉबीच्या मागावर हे येणार नाही. आणि जॅकार्डवर घेतलं तर पंच्याच्या भावात कोण विकत घेईल?" ते बरोबर बोलत होते. मी नमुन्याचे तुकडे पिशवीत घालून घरी आले आणि चार दिवस ती पिशवी उघडली नाही.

बाबांनी उघडली. निवृत्त झाल्यापासून ते मागाजवळ गेले नव्हते. त्यांच्या कारखान्यात संगणकावरची जॅकार्डं आली आणि पुठ्ठ्याची कार्डं रद्दीत गेली, तेव्हापासून तो विषयच घरात निघत नाही. त्या दिवशी त्यांनी नमुने पलंगावर पसरले, बराच वेळ बघितले आणि मला विचारलं, "कोपऱ्यातच पाहिजे का? आई कोपरा धरते, पण कोपऱ्याला जायला कडेवरूनच जाते ना?"

टॉवेलच्या मागावर दोन बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेले रूळ, असतात. एकाचे धागे ताठ, दुसऱ्याचे सैल. दोन आडवे धागे जरा अंतर राखून टाकायचे, तिसरा टाकला की फणी तिघांनाही एकदम पुढे ठोकते. ताठ धागे जागचे हलत नाहीत, आणि सैल धाग्यांची कमान होऊन वर येते. त्या हजारो कमानी म्हणजे टॉवेलचा मऊपणा. हे ठोकणं मध्येच नेहमीसारखं सलग ठेवलं की कमान उठत नाही, सपाट पट्टी पडते. त्याला जॅकार्ड लागत नाही, साधा मागही ते करतो. बाबांचं म्हणणं असं की टोकाजवळ आडव्या सपाट पट्ट्या घ्यायच्या. कुणाला एक, कुणाला दोन, कुणाला तीन. टॉवेल कुठूनही धरला तरी बोट कडेवर येतं, आणि कडेपासून आत सरकलं की पट्टी मोजता येते.

"पट्टी किती रुंद?" मी विचारलं. बाबा उठले, आज्जीपाशी जाऊन बसले, तिचा उजवा हात हातात घेतला आणि तर्जनीच्या पेरावर मोजपट्टी ठेवली. दीड सेंटिमीटर.

नमुना घ्यायला आम्ही दोघं गेलो. बाबा मागाजवळ उभे राहिले, आणि पहिली सपाट पट्टी फणीखालून पुढे आली तेव्हा त्यांनी कामगाराला हाताने थांबायची खूण केली. मागाच्या आवाजात बोलून उपयोग नसतो. मग ओणवे झाले आणि चालू कापडावर बोट टेकवून बघितलं.

ते टॉवेल आम्ही पाच वेळा धुतले, घरच्याच बादलीत, घरच्याच साबणाने, आणि गच्चीवर वाळवले. पाचव्या वेळी वाळल्यावर मी तीनही घडी न घालता आज्जीच्या मांडीवर ठेवले. काय आहे, कशासाठी आहे, काही सांगितलं नाही. ती शेंगा सोलत बसली होती. हात पदराला पुसले, वरचा टॉवेल उचलला, चोळून बघितला, पिळून बघितला. मग तिचं बोट कडेवरून आत गेलं, एका पट्टीवरून घसरलं, पाईलवर चढलं, दुसऱ्या पट्टीत उतरलं आणि थांबलं. परत मागे आलं. परत पुढे गेलं. बाबा दारात उभे होते.

तिने तो टॉवेल बाजूला ठेवला.

"हा दोनाचा दिसतोय. माझा एकाचा कर. म्हातारीला मोजायला नको."

बाबांनी पुढे होऊन ढिगातला खालचा टॉवेल ओढला आणि तिच्या हातात दिला. तिने कड चाचपली, कोपरा शोधला आणि म्हणाली, "सुईदोरा आण गं. गाठ मारून ठेवते."

मी सुईत दोरा ओवून दिला.